पाणी ओसरल्यावरचा दवाखाना: बडोद्यातल्या संस्थांनी त्यासाठी पैसा कसा उभा करावा

विश्वामित्री नदी चढली की बडोद्यात मदतीला तोटा नसतो. दोन दिवसांत पोळीभाजीची पाकिटं, बिस्किटांचे खोके, पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या कपड्यांची गाठोडी मंडळांच्या कचेऱ्यांत ओसंडून वाहतात. पाणी उतरलं की देणारेही पांगतात, आणि दुखणी त्यानंतर येतात. पहिल्या आठवड्यात जुलाब, उलट्या, पायांच्या चिघळलेल्या जखमा. एक-दोन आठवड्यांनी लेप्टोची (उंदरांच्या लघवीमुळे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) धास्ती, तीनेक आठवड्यांनी डेंगी, महिना-दीड महिन्यानं कावीळ. वर्गणी आटते तेव्हाच खर्च चढतो. म्हणून पुराच्या आरोग्यकामाचा पैसा पुरात जमवायचा नसतो. त्याची सोय मे महिन्यात लावायची आणि ऑक्टोबरपर्यंत पुरवायची.

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातल्या मराठी मंडळांना वर्गणीची सवय गणपतीमुळे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पावतीपुस्तक घेऊन दारोदार जाण्यात कोणी लाजत नाही. पण त्या वर्गणीची पद्धत जशीच्या तशी इथे आणली तर फसते. का, ते पुढे येईलच.

मे महिन्यातले कागद

आयकराबद्दल आधीच एक खुलासा. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे, फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. इथे जुनीच नावं वापरली आहेत, कारण बँकेत आणि देणगीदारांच्या तोंडी अजून तीच आहेत. प्रत्यक्ष भरताना नवा क्रमांक सीएकडून घ्या.

संस्था गुजरात सार्वजनिक ट्रस्ट कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल, तर सगळ्यात आधी पीटीआरचा (सार्वजनिक ट्रस्ट नोंदवहीचा) ताजा उतारा काढा आणि विश्वस्तांची नावं वाचा. वारलेल्या दोघांची नावं तशीच आणि नवे तिघे नोंदलेच नाहीत, हे जुन्या मंडळांत सर्रास दिसतं. विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यायचा असतो. तो दिला नसेल तर बँक केवायसी अडवते, कंपनी करार अडवते, आणि हे सगळं नेमकं ऑगस्टमध्ये उघडकीला येतं.

मग १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी). नियमित नोंदणी पाच वर्षांची असते (लहान संस्थांना १२एबी दहा वर्षांचीही मिळू शकते) आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या निदान सहा महिने आधी द्यावा लागतो. २०२१ साली नव्या पद्धतीत आलेल्या बहुतेक जुन्या संस्थांची मुदत ३१ मार्च २०२६ला संपत होती, म्हणजे अर्जाची शेवटची तारीख ३० सप्टेंबर २०२५ होती. तुमचा अर्ज तेव्हा गेला होता का, आदेश हातात आला का, हे कागदावर पाहा. ‘आपलं ८०जी आहे’ हे सेक्रेटरींचं तोंडी आश्वासन पुरेसं नाही.

यासोबत एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक, कंपन्यांकडून सीएसआरचा (सामाजिक जबाबदारीचा) पैसा घ्यायचा असेल तर सीएसआर-१ची नोंदणी, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आणि ट्रस्टडीडमधल्या उद्देशांचं पान. त्या पानावर ‘वैद्यकीय मदत’ आणि ‘नैसर्गिक आपत्तीत साहाय्य’ असे शब्द हवेत. नुसतं ‘सांस्कृतिक व शैक्षणिक कार्य’ असेल, तर आरोग्य शिबिराचा खर्च उद्देशाबाहेरचा ठरू शकतो. डीड बदलायला महिने लागतात. यंदा ते होणार नसेल तर योग्य उद्देश असलेल्या संस्थेबरोबर काम करा. देणगीदार थेट त्या संस्थेला देतील आणि माणसं तुमची असतील. तुम्ही देणगी घेऊन तिकडे वळवलीत, तर आयकराच्या हिशेबात त्यातला ८५ टक्केच भाग खर्च म्हणून धरला जातो.

पावतीवरची एक ओळ

सगळ्या मार्गदर्शनातली सर्वात उपयोगाची गोष्ट ही आहे, म्हणून जरा सविस्तर.

देणगीदार ‘पूरग्रस्तांना अन्नासाठी’ म्हणून दहा हजार देतो. पावतीवर तुम्ही तेच लिहिता. मग अन्न पुरून उरतं, सप्टेंबरात डेंगीच्या तपासण्यांना पैसा नसतो, आणि अन्नाच्या खात्यात पडलेली रक्कम हलवता येत नाही. हलवलीत तर ती दात्याच्या विश्वासाशी प्रतारणा होते आणि लेखापरीक्षक शेरा मारतो. वर्गणीच्या पुस्तकावर ‘गणेशोत्सव’ एवढंच छापलेलं चालतं, कारण दहा दिवसांत उत्सवही संपतो आणि खर्चही. पुराचं तसं नाही.

म्हणून पावतीवर आणि क्यूआर कोडच्या फलकावर ही ओळ आधीच छापून घ्या: ‘ही देणगी बडोदा शहर व जिल्ह्यातील आपत्ती-मदत, त्यानंतरचे आरोग्यकाम आणि पुढील आपत्तीची पूर्वतयारी यांसाठी संस्था योग्य त्या वेळी वापरू शकेल.’ कुणाला फक्त औषधांसाठीच द्यायचं असेल तर त्याची वेगळी पावती, वेगळं खातेपान. असे बांधील पैसे एकूण जमेच्या निम्म्यापेक्षा वर जाऊ लागले, की नवीन दात्यांना नम्रपणे सांगा की औषधांचं झालं, आता वाहतूक आणि नर्सच्या मानधनाला हवेत. बहुतेक लोक मान्य करतात. आपणच विचारायला संकोचतो.

दुसरी बाब नावाची. दानपेटी किंवा निनावी क्यूआर जमेतून येणाऱ्या रकमेवर मर्यादा आहे: नाव-पत्ता नसलेल्या देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतल्या मोठ्या आकड्यापलीकडे गेल्या की वरच्या भागावर ३० टक्के कर. म्हणून यूपीआयनं पैसे येताच त्या माणसाकडून नाव, पत्ता, पॅन घ्यायला एक मुलगा किंवा मुलगी फोनवर बसवा. रोज संध्याकाळी, त्याच दिवशी. महिन्याभरानं ‘तुम्ही ५०१ रुपये पाठवले होते का’ असं विचारत बसणं निरर्थक असतं.

दात्याला काय सांगायचं तेही नीट सांगा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत नाही. वस्तूंना नाही. सर्वसाधारण संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर सवलत, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत, आणि फक्त जुनी करपद्धत निवडणाऱ्याला. ‘शंभर टक्के टॅक्स फ्री’ असा फलक लावू नका.

अमेरिकेतला भाचा, दुबईतली बहीण

बडोद्यात जवळपास प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी बाहेर आहे, आणि पुराचे व्हिडिओ पाहून पहिला फोन त्यांचाच येतो. इथे भावनेच्या भरात होणारी चूक सर्वात महागात पडते.

कसोटी पासपोर्टची आहे. दुबईतली बहीण भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकिंग मार्गानं पाठवत असेल, तर ते परदेशी योगदान मानलं जात नाही. तिच्या भारतीय पासपोर्टची प्रत मात्र फायलीत लावून ठेवा. भाच्यानं अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी त्याचा एक डॉलरही परदेशी योगदान आहे. त्यासाठी एफसीआरएची (परदेशी योगदान नियमन कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसा सर्वप्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावा लागतो. तिथून तो बडोद्यातल्या खात्यात आणता येतो. २०२०च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिच्याकडे एफसीआरए असली तरी नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के.

नोंदणी मिळायला संस्था निदान तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च केलेली लागते. म्हणजे पूर आल्यावर अर्ज करून उपयोग नाही. ‘मामाच्या खात्यात टाकतो, मामा देणगी देईल’ ही युक्ती सुचवली जातेच. ती करू नका. नातेवाइकाला घरखर्चाला पाठवलेला पैसा आणि नातेवाइकाच्या आडून संस्थेला पाठवलेला पैसा यांतला फरक चौकशीत लगेच दिसतो, कारण तारखा आणि रकमा जुळतात. भाच्याला नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेचं नाव द्या, आणि तिचं काम बडोद्यात कुठे कमी पडतंय ते त्या संस्थेला कळवा.

कंपन्यांचं वेळापत्रक

कोयलीची रिफायनरी, नंदेसरी आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहती: बडोद्याच्या आसपास सीएसआर देऊ शकणाऱ्या कंपन्या थोड्या नाहीत. कंपनी कायद्याच्या कलम १३५प्रमाणे ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. सातव्या परिशिष्टात आरोग्यही आहे आणि आपत्ती व्यवस्थापनही, त्यामुळे विषय बसवायला कसरत लागत नाही. अडतं ते वेळेचं. वार्षिक कृती आराखडा संचालक मंडळ वर्षाच्या सुरुवातीला मंजूर करतं, म्हणून प्रस्ताव फेब्रुवारी ते मे या काळात द्या. ऑगस्टमधल्या पत्रावर मिळते ती किराणा किटांची मदत आणि फोटो.

प्रस्ताव सहा पानांच्या आत. पहिल्या पानावर तीनच गोष्टी: कोणत्या वस्त्या, किती कुटुंबं, एका कुटुंबामागे किती रुपये. कंपनीचा माणूस सर्वात आधी तो शेवटचा आकडा पाहतो.

‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांवर चालत नाही’ असं सांगून डॉक्टर-नर्सचं मानधन कापलं जातं, तेव्हा घाबरून गप्प बसू नका. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सामान्य प्रशासनाला आहे. प्रकल्प राबवायला थेट लागणारी माणसं आणि गाड्या हा प्रकल्पाचाच खर्च आहे. अंदाजपत्रकात तो ‘प्रशासन’ या शीर्षकाखाली लिहिण्याची चूक आपणच करतो. ‘वैद्यकीय पथक’ असं लिहा. रुग्णवाहिका किंवा बोटीसारखी मोठी वस्तू असेल तर ती कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, सीएसआर नोंदणी असलेल्या संस्थेच्या नावावर येते. मग पुढच्या वर्षीचा विमा, चालक आणि दुरुस्ती कोण भरणार, हे करारात आताच ठरवा. पोर्चमध्ये उभ्या राहून गंजलेल्या देणगीच्या गाड्या शहरात कमी नाहीत.

फलकाबद्दल: ‘अमुक कंपनीच्या सौजन्याने’ एवढं आभारादाखल लिहिलं तर ती देणगीच राहते. कंपनीच्या मालाची जाहिरात झाली तर ते प्रायोजकत्व ठरतं आणि जीएसटीचा प्रश्न येतो.

किती लागेल

अंदाज हवेत बांधू नका. ५०० कुटुंबं, म्हणजे सुमारे २,५०० माणसं, आणि एक महिना असा एक गट धरा आणि गरजेप्रमाणे गुणत जा.

दहातल्या एकाला जुलाब होतील असं धरलं तर २५० रुग्ण, प्रत्येकी सहा पाकिटं ओआरएस, म्हणजे १,५००. भिजण्या-फाटण्याची सोय धरून २,०००. मुलांसाठी २० मिग्रॅ झिंकच्या गोळ्या १४ दिवस. शंभर मुलांसाठी १,४०० गोळ्या, सहा महिन्यांखालच्या बाळांना निम्मी मात्रा. ६७ मिग्रॅची क्लोरीन गोळी २० लिटर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला एक; रोज घराला एक या हिशेबानं १५,०००. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यानं गाळा आणि गोळ्या दुप्पट धरा. साबण दर माणशी महिना २५० ग्रॅम हे आपत्ती-मदतीसाठीचं स्फिअर हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, म्हणजे १२५ ग्रॅमच्या ५,००० वड्या. एका डॉक्टरनं दिवसाला ५०हून जास्त रुग्ण तपासू नयेत, हेही त्याच मानकात आहे. ‘एका दिवसात ३०० रुग्ण तपासले’ ही बातमी छापायला बरी; तीत तपासणी झालेली नसते.

सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांत पुराचं पाणी शिरतं, हा बडोद्याचा खास त्रास. टाकी उपसून, घासून, पुन्हा भरून मग चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम, आणि अर्ध्या तासानं क्लोरोस्कोपनं (क्लोरीन मोजायच्या साधनानं) तपासून क्लोरीन ०.५ मिग्रॅ प्रति लिटर उरतो का ते पाहा. उरत नसेल तर आणखी घाला. गेल्या वर्षीची उघडी पोती वापरू नका, क्लोरीन उडून गेलेला असतो आणि पांढरी भुकटी टाकल्याचं समाधान तेवढं मिळतं. पंप, मजूर आणि क्लोरोस्कोप यांची ओळ अंदाजपत्रकात हवीच. हीच ओळ नेहमी राहते.

खरेदीआधी नागरी आरोग्य केंद्राला लेखी पत्र देऊन विचारा की ओआरएस, झिंक, क्लोरीन गोळ्या, धनुर्वाताची लस यांतलं काय आणि किती मिळेल. ते वजा करून उरलेलं विकत घ्या, शक्य तिथे जनऔषधी केंद्राच्या दरानं. सर्पदंशाची लस शिबिरासाठी घेऊ नका. ती देताना तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, ती रुग्णालयातच द्यायची असते. तुमच्या यादीत फक्त सयाजी हॉस्पिटलपर्यंत न्यायची गाडी हवी. पुरात नदीतून वस्तीत येणाऱ्या मगरींचं तर वनखात्यावर सोडा. लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्याही आरोग्य खात्याच्या सांगण्यावरून आणि डॉक्टरांच्या हातूनच, कारण गरोदर बायकांना आणि लहान मुलांना त्या सरसकट देत नाहीत.

देणगीत आलेल्या औषधांची मुदत निदान एक वर्ष शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन सांगतं. घरातल्या उरलेल्या पट्ट्या घेऊ नका. जुने कपडेही नकोत. निवडायला दहा माणसं, ठेवायला खोली, आणि शेवटी टाकायला टेम्पो, असा त्यांचा खर्च असतो.

सरकार कुठे पैसे देतं, तिथे आपले घालू नका

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून केशडोल (रोजच्या खर्चाची रोख मदत) आणि घरवखरीची (घरातल्या सामानाच्या नुकसानीची) मदत सरकार थेट कुटुंबाला देतं. संस्थांना तो निधी मागता येत नाही. मात्र अर्ज भरून देणं हे कमी खर्चाचं आणि मोठ्या फायद्याचं काम आहे. दोन स्वयंसेवक, एक प्रिंटर. रुग्णालयात भरती लागली तर आधी पीएमजेएवाय-मा हे सरकारी मोफत उपचारांचं कार्ड पाहा; गुजरातमध्ये ते कुटुंबाला १० लाखांपर्यंत आहे. संस्थेचा पैसा ठेवा तो कार्डात न बसणाऱ्यांसाठी: भाड्याच्या खोलीत राहणारे, पत्त्याचा पुरावा दुसऱ्या गावचा असलेले मजूर.

खर्चाचा हात केव्हा सुटायचा

निधी आहे पण सही करणारे दोघे विश्वस्त पाण्यात अडकलेले, हा प्रसंग २०१९मध्ये किंवा २०२४मध्ये शहरातल्या कोणत्याही संस्थेवर येऊ शकला असता. ३१ जुलै २०१९ला चोवीस तासांत वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री ३५ फुटांवर गेली, आणि गणपती आठवड्या-दीड आठवड्यावर आला होता. म्हणून मेच्या बैठकीतच ठराव करून ठेवा: काळा घोडा पुलाजवळ नदी २२ फुटांवर गेली की ठरलेल्या रकमेपर्यंत खर्चाचा अधिकार आपोआप तीन नावांना, त्यांतल्या एकाचं घर नदीच्या पूर्वेला आणि एकाचं पश्चिमेला. धोक्याची पातळी २६ फूट आहे. तिथपर्यंत थांबलात तर दुकानं बंद झालेली असतात. नेट बँकिंगचे अधिकारही दोन्ही काठांवर हवेत.

एका माणसाला एका दिवसात १०,०००हून जास्त रोख दिलीत तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. पंपवाल्याचं बिल इथेच अडकतं, म्हणून त्याचे बँक तपशील मेमध्येच घ्या. टीडीएस कापायला विसरलात तर त्या रकमेचा ३० टक्के भाग वगळला जातो.

बाहेरच्या देशात पाठवायचं असेल तर

एप्रिल २०१५च्या नेपाळ भूकंपासारख्या वेळी इथूनही पैसा जमतो. पण भारतीय ट्रस्टनं देशाबाहेर केलेला खर्च, सीबीडीटीची (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची) खास मंजुरी नसेल तर, करसवलतीला पात्र ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सर्फसारख्या निधीतून फक्त त्यांच्या यंत्रणांना मिळतं, आपल्यासारख्यांना नाही. तेव्हा इथे जमवून तिथे धाडण्याऐवजी दात्यांना सरळ रेडक्रॉसचा मार्ग दाखवा.

उरलेला पैसा

नोव्हेंबरात हिशेब बंद करताना काही ना काही उरतंच, आणि उरावंही. वर्षाच्या उत्पन्नातले १५ टक्के विनाअट राखता येतात. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर कारण लिहून फॉर्म १० भरा. पाच वर्षांपर्यंत ठेवता येतं, आणि ‘ट्रस्टच्या उद्देशांसाठी’ असं मोघम कारण चालत नाही, ‘पूर-पश्चात वैद्यकीय पथक व साठा’ असं नेमकं लागतं. कायम निधीत टाकायचं असेल तर दात्याचं तसं लेखी पत्र हवं. ते पावती फाडतानाच घ्या. ३१ मेच्या आत देणग्यांचं १०बीडी विवरण भरून प्रत्येकाला १०बीई प्रमाणपत्र द्या. उशिराला रोज २०० रुपये शुल्क आहे, आणि दात्याची सवलत अडली तर तो पुढच्या पावसाळ्यात फोन उचलत नाही. प्रमाणपत्रासोबत एक पान जोडा: किती जमले, कशावर गेले, किती राखले, कोणत्या बँकेत. तेच पान जूनमध्ये पहिल्या फेरीला निघताना हातात असू द्या.